साहेबांचे बावीस शर्ट

आमच्या कोपऱ्यावरच्या यल्लव्वाला कपड्यांवरून माणसाचं सगळं कळतं, आणि कळलं की ती ते बोलून दाखवते. समोरचे गुरुप्रसाद बँकेतून निवृत्त झाले आणि महिनाभरात त्यांचं पोट सुटलं, हे त्यांच्या बायकोच्या आधी हिला कळलं, शर्टाच्या चौथ्या बटणावरून. माझ्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी ऋचा दुसरी नोकरी शोधतेय, हे पुण्यात तिच्या आईला कळायच्या आत यल्लव्वानं मला सांगितलं होतं. एकच निळा शर्ट आठवड्यात तीनदा इस्त्रीला आला होता. माझ्याबद्दल तिचं मत असं की टीचरबाई साड्या नेसत नाहीत, गुंडाळतात. खरं आहे. निऱ्या मोजत बसायला वेळ कुणाला आहे?

जयनगरात आमच्या रस्त्याच्या तोंडाशी करंजाचं झाड आहे, इथे कन्नडमध्ये त्याला होंगे म्हणतात. त्याखाली तिची इस्त्रीची गाडी. गाडीला चार चाकं आहेत, पण ती गेल्या कित्येक वर्षांत हललेली नाहीत. वर घोंगडी, घोंगडीवर जुनं धोतर, पाण्याचा तांब्या आणि कोळशाची पितळी इस्त्री. ती इस्त्री मी एकदा उचलून पाहिली आणि लगेच खाली ठेवली. यल्लव्वा ती दिवसातले आठ तास उचलते.

ती बेळगाव जिल्ह्यातली, संकेश्वरच्या बाजूच्या एका खेड्यातली. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि भांडताना दोन्ही. त्यांच्याकडे बायकासुद्धा ‘मी जातो, मी करतो’ म्हणतात. तिचं बोलणं मी तसंच लिहिणार आहे, सुधारणार नाही. नवरा देवाप्पा इथल्याच शिवाजीनगरच्या एका लहानशा हॉटेलात पराठ्यांची कणीक तिंबायचा. मुलगी पवित्रा, मी सांगतेय त्या वर्षी प्रयोगशाळेतल्या तपासणीच्या अभ्यासक्रमाला शेवटच्या वर्षाला होती. लहानपणी पवित्रा शाळेतून थेट गाडीवर यायची, तिथेच डबा खायची, तिथेच अभ्यास करायची, पण यल्लव्वानं तिच्या हाताला इस्त्री कधी लागू दिली नाही. एकदा पोरीनं हौसेनं रुमाल इस्त्री करायला घेतला, तर आईनं तो हिसकावून घेतला. “ह्याची गोडी लागली तर सुटत न्हाई,” म्हणाली.

हे सगळं नीट चाललं होतं. मग दोन हजार वीसचा मार्च आला.

टाळेबंदीबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं आहे, त्यामुळे मी तिकडे जात नाही. मी मुलींच्या कॉलेजात एकतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, म्हणून मला आजारापेक्षा दुसरीच गोष्ट दिसत होती. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पन्न जवळजवळ पाव भागानं खाली आलं. हा आकडा नंतर पेपरात छापून आला. आमच्या रस्त्यावर तो आधीच येऊन बसला होता, यल्लव्वाच्या गाडीवर, निळ्या ताडपत्रीखाली. लोक ऑफिसला जाईनात, म्हणून कपडे चुरगळेनात. आणि ज्यांचे चुरगळले ते बाहेरच्या हातात द्यायला घाबरायला लागले. शिवाजीनगरच्या हॉटेलमालकानं पहिला महिना पगार दिला आणि दुसऱ्या महिन्यात हात वर केले. तोही बिचारा कुठून देणार? घरातली दोन्ही कामं एकाच आठवड्यात बंद झाली.

सरकारनं तांदूळ दिले. माणशी पाच किलो, फुकट, आणि वर डाळ. ते यल्लव्वानं रांगेत उभं राहून घेतले. याच सुमाराला गुरुप्रसादांनी रस्त्यातल्या लोकांकडून वर्गणी काढून पिशव्या भरल्या. तांदूळ, तेल, साबण, साखर. माणूस मनानं चांगला, पण वाटताना प्रत्येकाचा फोटो काढून आमच्या रस्त्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकत होता. यल्लव्वानं पिशवी घेतली नाही. गुरुप्रसाद दुखावले आणि माझ्याकडे तक्रार घेऊन आले, की अक्का, सरकारचं चालतं आणि आपलं चालत नाही, हे कसं?

मी तिला फोनवर विचारलं. ती म्हणाली, “सरकारचं ते माझं हाय. काड्याची पेटी घेतो, साबण घेतो, सगळ्यावर सरकारला देतोच की मी. तुमचं ते तुमचं हाय. उद्या गुरुप्रसाद अण्णांच्या शर्टाची कॉलर जळाली तर मी त्यांच्याशी भांडू कसं?”

अप्रत्यक्ष कर हा विषय मी दरवर्षी पाच तासांत शिकवायची. तिनं तो एका काड्याच्या पेटीत संपवला. हे कुणाला सांगू नका.

मे महिन्यात दुकानं थोडी थोडी उघडली. यल्लव्वानंही ताडपत्री काढली, कोळसा पेटवला, तोंडाला पदर बांधला आणि उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून सांगायची, “माझ्या इस्त्रीखाली काय जगतं ओ? द्या, बिनधास्त द्या.” पण कपडे येईनात. ऋचा घरात बसून काम करायची. कंपनी महादेवपुऱ्यात, शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि कंपनीला ती दिसायची फक्त छातीपर्यंत. मला म्हणाली, “काकू, वरती शर्ट, खाली पायजमा, आणि तो शर्टसुद्धा मीटिंग संपली की मी खुर्चीला टांगते. प्रेस कशाला करू?” तिचंही बरोबरच होतं. पगारातून कंपनीनं आधीच कापायला सुरुवात केली होती.

तेवढ्यात आमच्या राज्य सरकारनं परीट, न्हावी आणि रिक्षावाल्यांना पाच-पाच हजार जाहीर केले. मी लगेच यल्लव्वाला बोलावलं आणि ओसरीवर बसवून अर्ज भरला. त्याला धंद्याचा दाखला लागत होता. दाखल्यासाठी मी एका कार्यालयात एकोणीस फोन केले. विसाव्या फोनवर एक माणूस बोलला. त्यानं शांतपणे काय काय लागेल ते सांगितलं आणि धंदा करतानाचा फोटो पाठवता आला तर बरं, असंही म्हणाला. रिकाम्या गाडीचा फोटो काय पाठवणार? मी माझी साडी त्या घोंगडीवर टाकली आणि यल्लव्वाला म्हटलं, फिरव इस्त्री. तिनं फोटोसाठीसुद्धा ती साडी मन लावून पूर्ण केली आणि वर मला सुनावलं की काठ असा धुतात का.

अर्ज गेला. पैसे कधी येतील ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

असे दोन आठवडे गेले. मग एका सकाळी पवित्रा फाटकाशी आली. खांद्यावर तांदळाची पिशवी. मला वाटलं रेशन आणलंय. पिशवीत पुस्तकं होती. ती म्हणाली, “आजी, ही तुमच्याकडे ठेवाल? आम्ही गावी चाललोय महिनाअखेरीला. बसमध्ये सामान जास्त नेता येत नाही.” पिशवी पुढे करत, “परत आले तर घेऊन जाईन.”

मी विचारलं, परीक्षा? तिनं खांदे उडवले. गावात मोबाइलला रेंज टेकडीवर गेलं तर मिळते. शिवाय काकानं, म्हणजे देवाप्पाच्या भावानं, तिच्यासाठी एक स्थळ बघून ठेवलं होतं. देवाप्पा वाईट माणूस नाही. तो फक्त घाबरला होता. गावात निदान भाकरी आहे, असं त्याचं म्हणणं. घाबरलेला माणूस हातातलं सगळं सोडून देतो, त्यात मुलीचं शेवटचं वर्षही सुटतं. परत येणार नव्हती ती. मला ठाऊक होतं आणि तिलाही.

पुस्तकं मी घेतली, आणि दार लावून रागारागानं स्वयंपाकघरात फेऱ्या मारल्या.

आता इथे एक धडा सांगावा लागेल, आणि तो मी थोडक्यात सांगते. नव्वद वर्षांपूर्वी पाश्चात्त्य देशांत मोठी मंदी आली. लोक भीतीनं खर्च करेनात, म्हणून दुसऱ्यांची कमाई थांबली, म्हणून तेही खर्च करेनात. सगळे घरात पैसे धरून बसले आणि सगळेच गरीब झाले. तेव्हा एक मत असं पुढे आलं की अशा वेळी सरकारनं लोकांना काहीही काम द्यावं. खड्डे खणायला लावावेत आणि तेच बुजवायला लावावेत, पण हातात मजुरी पडू द्यावी. ती मजुरी बाजारात जाईल आणि चाक फिरायला लागेल. दरवर्षी मी हे सांगितलं की वर्गातल्या मुली हसायच्या. मीही हसायची. परीक्षेत मात्र सगळ्या अचूक लिहायच्या.

त्या दिवशी मला हसू आलं नाही. मी गुरुप्रसादांना आणि ऋचाला फाटकाशी बोलावलं, सहा-सहा फुटांवर उभं केलं आणि सांगितलं की उद्यापासून प्रत्येक घरातून रोज कपडे इस्त्रीला गेले पाहिजेत. घातलेले असोत नसोत. चुरगाळा आणि पाठवा. ग्रुपवर फोटो न टाकता. गुरुप्रसादांना कल्पना इतकी आवडली की त्यांनी संध्याकाळपर्यंत चौदा घरं तयार केली. ऋचा म्हणाली, “काकू, हे थोडं चीटिंग नाही का?” मी म्हटलं, आहे.

आठवडाभर छान चाललं. यल्लव्वाच्या गाडीवर ढीग लागला. तिचा आवाज पुन्हा माझ्या खिडकीपर्यंत यायला लागला. कुणाच्या तरी परकराला नाडी नव्हती, त्यावरून ती सगळ्या रस्त्याला ऐकवत होती. देवाप्पानं महिनाअखेरीचा विषय काढला नाही. पवित्रा दोन पुस्तकं मागून घेऊन गेली.

माझ्याकडे नऊ सुती साड्या. त्या दोनदा फिरल्या. मग पडदे गेले, मग टेबलावरचं कापड, मग पाहुण्यांच्या चादरी. पाहुणे तर कुणाकडेच येत नव्हते. दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी पाठवायला काही उरलं नाही, आणि मी घाईघाईत मोठं कपाट उघडलं, समोर होते ते शर्ट काढले, हातानं चोळले आणि पिशवीत कोंबले.

ते नंदकिशोरचे होते. माझे यजमान. विमानांच्या सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. त्यांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. बावीस शर्ट, सगळे पांढरे नाहीतर फिके निळे, सगळे अर्ध्या बाह्यांचे. ते दुसरं काही घालायचेच नाहीत. कपाटात का ठेवले होते विचारू नका. काढायला सवड झाली नव्हती.

दुपारी फाटकाची कडी वाजली. यल्लव्वा गठ्ठा घेऊन उभी. पदर नाकावर बांधलेला, डोळे तेवढे दिसत होते.

“टीचरबाई, साहेब कुठं जायला लागलेत?”

मी गठ्ठ्याकडे बघितलं.

“बारा वर्षं केलोय ह्यास्नी इस्त्री. ह्यो बगा, खिशाजवळ शाईचा डाग. लिंबू लावून काढायला बगितलो होतो मी, निघाला न्हाई.”

“कपाटात ठेवून ठेवून चुरगळले होते,” मी म्हटलं.

“आत मानूस न्हाई, शर्ट कसा चुरगळतो?”

ती पुढे बोलली, आवाज न चढवता, आणि ते जास्त वाईट. “गुरुप्रसाद अण्णांचा पंचा सोमवारी आला, बुधवारी आला, शुक्रवारी आला. आत माझी घडी तशीच. वरनं नुसता चोळल्याला. मी म्हटलो, म्हाताऱ्या मानसाचं काय तरी असंल. पर साहेबांचं शर्ट? मला येडी समजलासा व्हय, सगळ्यांनी मिळून?”

गठ्ठा तिनं पायरीवर ठेवला. पैसे पुढे केले तर हात मागे घेतला. “साहेबांच्या शर्टाचं नगोत मला,” म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी करंजाखाली निळी ताडपत्री होती. तिसऱ्या दिवशीही. गुरुप्रसादांनी बातमी आणली की देवाप्पानं रविवारच्या बसची तीन तिकिटं काढली. घडी मोडून का पाठवायची हे मी त्यांना नीट सांगितलं नव्हतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नव्हतं. अर्थात माझी चूक त्यांच्यापेक्षा मोठी होती.

पासष्टच्या वरच्यांनी घराबाहेर पडू नये, असं तेव्हा सरकारनं बजावून ठेवलं होतं. गुरुवारी सकाळी ते मोडून मी मागच्या वस्तीत यल्लव्वाच्या खोलीवर गेले. देवाप्पा पाण्याला गेला होता. यल्लव्वा पोत्यात भांडी भरत होती, पवित्रा कोपऱ्यात फोनवर तास ऐकत होती. यल्लव्वानं मला बसायला पाट दिला. भांडण होतं तरी पाट दिला.

मी माफी मागितली. ती पातेली एकात एक घालत राहिली. मग मी तिला तो धडा सांगितला. मंदी म्हणजे काय, सगळे एकाच वेळी घाबरले की काय होतं, खड्डे का खणायचे आणि का बुजवायचे. आम्ही तिला भीक घालत नव्हतो, सरकारनं करायचं ते आमच्या पुरतं करून बघत होतो, हेही सांगितलं. कॉलेजात सांगितलं नसेल इतकं सोपं करून सांगितलं.

तिचे हात थांबले. “म्हंजे, खड्डा खणायचा, त्योच बुजवायचा, आनि पगार घ्यायचा?”

“हो.”

“हे शिकल्याल्या मानसानं सांगितलं?”

“खूप शिकलेल्या.”

तिनं विचार केला. “खणायचंच हाय तर हीर खणा की. बुजवताय कशाला?”

कोपऱ्यात पवित्रा हसली. एकतीस वर्षांत माझ्या वर्गातल्या एकाही मुलीनं हे विचारलं नव्हतं. त्यांचं सोडा, मलाही कधी सुचलं नव्हतं. पुस्तकात पुढे असतंही ते, की उपयोगाचं काम काढता आलं तर उत्तमच. पण आम्ही सगळे खड्ड्यापाशीच हसत थांबायचो.

मग तिनं मला विहीर कुठे आहे तेही दाखवलं. पलीकडच्या मोठ्या रस्त्यावरच्या कल्याण मंटपात, म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये, बांधकामावरची दोनशे माणसं आणून ठेवली होती. बिहारची, ओडिशाची. गावी जाणाऱ्या रेल्वेत नंबर लागेपर्यंत ती तिथेच राहणार. जेवण पालिका देत होती. पण अंगावर दोन महिने तेच कपडे. यल्लव्वा पाण्याच्या टँकरपाशी जाता-येता बघायची.

“मळल्याल्या शर्टात घरला गेल्यावर आई काय म्हणंल?” ती म्हणाली. “तुमच्या रस्त्यात कपाटं भरून कापडं हायत. चोळून चोळून मला धाडताय. त्येच तिकडं द्या. मी धुतो, इस्त्री करतो, घडी घालून नेऊन देतो. अर्धं पैशे तुमी द्या, अर्धं माझ्याकडनं ऱ्हाऊ दे. मग ते काम हाय. मग मी घेतो.” आणि पातेल्याकडे बघत, “साहेबांचं शर्ट बी आता कुनी घालनार न्हाई नव्हं?”

मी म्हटलं, बघू. मी कधी बघू म्हणत नाही. तिलाही ते ठाऊक होतं.

“बगा, स्वल्प टाइम घ्या,” ती म्हणाली. “रविवारपातूर हाय मी.”

घरी येऊन मी ते शर्ट पलंगावर मांडले. तिनं केलेली इस्त्री तशीच होती. मी प्रत्येकाचा खिसा तपासला, कारण नंदकिशोरना खिशात बसची तिकिटं ठेवायची खोड होती. एकही सापडलं नाही. यल्लव्वानं ती वर्षानुवर्षं आधीच काढून टाकली असणार. शुक्रवारी सकाळी साडेसातला बावीसच्या बावीस शर्ट मी स्वतः गाडीवर नेऊन ठेवले. ताडपत्री अजून बांधलेलीच होती. मी ती सोडली, जवळच दगडावर बसले आणि ऋचाला फोन केला की यल्लव्वाला घेऊन ये.

यल्लव्वा आली. शर्ट बघितले, माझ्याकडे बघितलं नाही, आणि कोळसा पेटवला.

दुपारपर्यंत बातमी सगळ्या रस्त्याला लागली. या वेळी कुणाला काही चोरून करायचं नव्हतं, त्यामुळे लोकांनी कपाटं खरोखरच उपसली. यल्लव्वा एकेक कपडा उजेडात धरून बघायची आणि फाटका निघाला तर ज्याचा त्याला परत करायची. एका सद्गृहस्थांना, नाव लिहीत नाही, तिनं भर रस्त्यात सांगितलं की ही बनियन तुम्हीच पुसायला घ्या. ऋचानं तिचे ऑफिसचे सगळे शर्ट दिले. म्हणाली, पुढच्या नोकरीत बघू. गुरुप्रसादांनी तीन पंचे दिले आणि आपली मोटार काढली.

शनिवारी यल्लव्वा आणि गुरुप्रसाद मंटपात गेले. मी गेले नाही. तिथे काय झालं ते गुरुप्रसादांनी मला चार वेळा सांगितलं. घडी केलेला शर्ट हातात घेताना माणसं आधी हात धुऊन येत होती. आणि यल्लव्वाचं लक्ष भटारखान्याकडे. सकाळी दोनशे माणसांना भात मिळाला होता, पण रोट्या करणारा आचारी दोन दिवसांपूर्वीच गावी पळाला होता, आणि बिहारची माणसं भाताला कंटाळून गेली होती. यल्लव्वानं तिथल्या पालिकेच्या माणसाला गाठलं आणि विचारलं, कणीक तिंबायला माणूस पाहिजे का. त्यानं कपाळाला हात लावला. पाहिजे म्हणजे काय, कालपासून शोधतोय.

रविवारी संकेश्वरची बस तीन रिकाम्या जागा घेऊन गेली. देवाप्पा त्या वेळी मंटपात सहाव्या परातीवर होता. पालिकेच्या कंत्राटदारानं त्याला रोजंदारीवर घेतलं. जूनअखेरीपर्यंत ते काम पुरलं. त्यानंतर शिवाजीनगरचं हॉटेल अर्ध्या दिवसासाठी उघडलं, आणि लोक हळूहळू बाहेर पडून कपडे चुरगळायला लागले. तिकिटं वाया गेली म्हणून देवाप्पा मात्र पुष्कळ दिवस हळहळत होता.

त्या पाच हजारांचं सांगायचं राहिलं. जुलैत एका रविवारी भर दुपारी मला फोन आला. कार्यालयातला तोच शांत माणूस. म्हणाला, मॅडम, तुमच्या त्या यल्लव्वांच्या खात्याच्या नंबरात एक आकडा कमी आहे, उद्या यादी जाणार आहे. मीच घाईत गाळला होता. त्यानं सुट्टीच्या दिवशी बसून यादी तपासली नसती तर तो अर्ज तसाच कुठेतरी पडून राहिला असता. सप्टेंबरात पैसे आले, आणि त्यातूनच पवित्राच्या परीक्षेची फी गेली. त्या माणसाला मी पाहिलेलं नाही. नाव विचारलं तर म्हणाला, नाव कशाला, सरी, म्हणजे ठीक आहे, झालं काम. सरकारला मी आयुष्यात चाळीसेक तक्रारीची पत्रं लिहिली असतील. एक पत्र मी त्यानंतर लिहिलं, त्यात तक्रार नव्हती. उत्तर आलं नाही. नेहमीप्रमाणेच. पण मी उपकार मानते, आणि ते छापून यावं म्हणून इथे लिहिते आहे. तांदळाचेही मानते, मंटपातल्या भाताचेही मानते. सरकारनं खूप काही चुकीचं केलं त्या वर्षी, ते मी दुसरीकडे लिहिलं आहे. हेही केलं.

पवित्रा आता आमच्याच भागात एका तपासणी केंद्रात आहे. माझं रक्त काढायला तीच येते. सुई टोचताना मला बोलण्यात गुंतवते, आईसारखीच माझ्या साडीवरून टोमणे मारते. तिच्या पांढऱ्या कोटाला अशी कडक इस्त्री असते की बसली की आवाज होतो. पुस्तकांची ती तांदळाची पिशवी मी परत दिली नव्हती. त्यात आता माझी औषधं असतात.

त्या शनिवारी मंटपातून परत आल्यावर यल्लव्वा माझ्याकडे आली होती. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. म्हणाली, एकवीस दिले, एक परत आणलाय. कागद उघडला तर शाईचा डाग असलेला शर्ट.

“डागाचा कपडा मी कुनाला देत न्हाई,” ती म्हणाली. “माझं नाव जातं.”

गुरुप्रसादांच्या एका पंच्यावर हळदीचा हातभर डाग होता. तो तिनं कुरकुर न करता दिला, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी शर्ट घेतला आणि आत नेऊन ठेवला.

दर दोन-तीन महिन्यांनी तो मी इस्त्रीला देते. ती पूर्ण पैसे घेते, घडीवर हात फिरवते आणि परत पाठवते. साहेब कुठं जायला लागलेत, असं पुन्हा तिनं कधी विचारलेलं नाही.